फोटोकाकांचा डावा डोळा

डोळ्यांच्या दवाखान्यात, थेंब घालून बसवतात त्या बाकावर, एक कुजबुज बरेच दिवस फिरत होती. आतल्या अंधाऱ्या खोलीत लेझरनं डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढणारे जे फोटोकाका आहेत ना, ते बटण दाबायच्या क्षणी स्वतःचा डावा डोळा गच्च मिटून घेतात. का, तर त्यांना आतली गोष्ट ठाऊक आहे. त्या उजेडानं डोळा हळूहळू जळतो. उजवा कधीच कामातून गेला, आता राहिलेला डावा ते जपून वापरतात. कोणी म्हणे, उजवा काचेचाच आहे, नीट बघा, हलत नाही. त्यावर पलीकडून कोणी म्हणे, मी नीट बघितलंय, हलतो.

आता त्या बाकाचं थोडं सांगायला हवं. डोळ्यात थेंब घातले की बाहुली मोठी होते आणि जवळचं काही म्हणजे काही दिसत नाही. वर्तमानपत्र हातात धरून उपयोग नाही, मोबाइल उघडला तर नुसता चकचकाट. अशा वेळी माणसाकडे उरतं काय, तर कान आणि जीभ. त्यात शेजारचा चेहरा धड दिसत नसल्यामुळे भीडही उरत नाही. या बाकावर लग्नं जुळलेली आहेत, मोडलेली आहेत, आणि एका निवृत्त हेडमास्तरांना तर ते स्वतः शेजारी बसलेले असताना स्वतःच्या निधनाची बातमी कळलेली आहे. तिथे फोटोकाकांच्या एका डोळ्याची काय कथा.

आणि गंमत म्हणजे कुजबुज अगदीच निराधार नव्हती. यंत्रापुढे बसलं की हनुवटी एका पट्टीवर टेकवायची, कपाळ दुसऱ्या पट्टीला लावायचं. ज्या डोळ्याचा फोटो निघतोय त्याला आत एक बारीक ठिपका दिसतो. पण दुसरा डोळा बिनकामाचा असतो. तो यंत्राच्या कडेवरून पलीकडे बघतो, आणि पलीकडे अंधारात, स्क्रीनच्या निळसर उजेडात, फोटोकाकांचं तोंड, धूसर का होईना, तेवढं दिसतं. तिथे हरेक पेशंटनं तेच बघितलं होतं. काका पुढे झुकतात, श्वास धरतात, बटणावर बोट ठेवतात, आणि डावा डोळा मिटतात. एका बाईंनी याचा अगदीच वेगळा अर्थ काढला आणि पुढच्या तपासणीला नवऱ्याला सोबत आणलं. नवऱ्याचाही फोटो निघाला. काकांनी त्यालाही डोळा मारला, तेव्हा कुठे बाईंचा गैरसमज दूर झाला.

एवढं सगळं होऊनही ज्याच्या डोळ्याबद्दल हे चाललं होतं, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. तोंडावर कोण सांगणार? आणि स्वतःचा मिटलेला डोळा कोणाला दिसतो?

फोटोकाका मूळचे या धंद्यातले नव्हेत. चौकाच्या कोपऱ्यावर त्यांचा स्टुडिओ होता. मागे डोंगर आणि तळं रंगवलेला पडदा, पुढे एक डगमगती खुर्ची, बाजूला कंगवा आणि पावडरचा डबा. गावातली निम्मी ओळखपत्रं काकांच्या हातची. पुढे ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आला, आणि स्टुडिओत माणसं फक्त पत्ता विचारायला शिरू लागली. काकांनी शटर खाली ओढलं आणि घरी बसून बायकोच्या स्वयंपाकाला प्रकाशयोजना सुचवू लागले. बायकोनंच वैतागून डॉक्टरबाईंच्या कानावर घातलं. डॉक्टरबाईंना नव्या यंत्रासाठी माणूस हवाच होता. त्यांचं म्हणणं, बटणं कोणालाही शिकवता येतात, पण घाबरलेल्या माणसाला खुर्चीत स्थिर बसवणं ही कला आहे.

ती कला काकांकडे होती. फक्त तिच्याबरोबर स्टुडिओही आला. पेशंट बसला की ते आधी त्याची कॉलर नीट करायचे. मग म्हणायचे, "हं, जरा प्रसन्न चेहरा." डोळ्याच्या आतला फोटो, त्यात चेहऱ्याचा काय संबंध. पण माणूस हसायचा, हनुवटी पट्टीवरून सरकायची, आणि पहिला फोटो वाया जायचा. "आधी माणसाच्या मागचा पडदा सांभाळला, आता डोळ्याच्या मागचा सांभाळतो," हा विनोद ते दर आठवड्याला नवा म्हणून करायचे, आणि काउंटरवरच्या बाई दर आठवड्याला तो नवा म्हणून ऐकायच्या. दोघांचंही बरं चाललं होतं.

काकांना एकाच गोष्टीचा राग होता. कोणी यंत्राला घाबरलं की त्यांना तो स्वतःचा अपमान वाटे. मग ते व्याख्यान द्यायचे. या दवाखान्यात लेझर दोन आहेत. पलीकडच्या खोलीत, दारावर लाल दिवा असलेला, तो उपचाराचा. तो मुद्दाम भाजतो, गळक्या रक्तवाहिन्यांना चटका देतो, म्हणून तिथे डॉक्टरबाई स्वतः बसतात. हा आपला नुसता बघणारा. त्याचा उजेड इतका क्षीण की तुम्ही तासभर टक लावून बसलात तरी काही व्हायचं नाही, असा हिशेब करूनच ताकद ठरवलेली असते, आणि तीही इजा होईल त्याच्या कितीतरी खाली. शिवाय किरण एका जागी थांबत नाही, झाडू मारल्यासारखा पडद्यावरून सरकत जातो. चुकून थांबलाच तर यंत्र आपलं आपण बंद होतं. अधूनमधून कंपनीचा माणूस येऊन उजेड मोजून जातो. हे सगळं काका इतक्या कळकळीनं सांगत की ज्याच्या मनात भीती नव्हती, त्यालाही वाटे, काहीतरी असल्याशिवाय हा माणूस इतकं बोलणार नाही.

अशात एक दिवस काकांच्या विहीणबाई दवाखान्यात आल्या.

विहीणबाई म्हणजे काकांच्या मुलीच्या सासूबाई. जन्मभर शाळेत शिवणकाम शिकवलेलं. टाका वाकडा गेला की मुलीला अख्खी शिवण उसवायला लावायच्या, आणि उसवून झाल्यावर तो टाका मुळात का वाकडा गेला तेही विचारायच्या. दोन्ही घरांत त्यांच्यापुढे आवाज चढवणारं कोणी नव्हतं. काका तर त्यांच्याशी बोलताना शर्टाचं वरचं बटणही लावून घ्यायचे. बाईंना साखरेचा आजार जुना. अलीकडे मोजपट्टी मधेच वाकलेली दिसू लागली होती. आधी त्यांनी मोजपट्टी बदलली. मग दुकानदार बदलला. शेवटी सुनेनं, म्हणजे काकांच्या लेकीनं, हाताला धरून दवाखान्यात आणलं. डॉक्टरबाईंनी दुर्बिणीतून बघितलं आणि म्हणाल्या, पडद्याच्या मधोमध सूज असावी असा संशय आहे. किती आहे ते फोटोशिवाय कळणार नाही. असेल तर इंजेक्शनं लगेच सुरू करावी लागतील. रेंगाळलो तर गेलेलं परत येईलच असं नाही.

थेंब घातले, बाकावर बसवलं. बाकानं आपलं काम केलं.

आत जाईपर्यंत विहीणबाईंना सगळी कथा तोंडपाठ झाली होती. तरी त्या ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवणाऱ्यांतल्या नव्हत्या. पट्टीवर हनुवटी टेकली, कपाळ लावलं, आणि रिकामा डोळा बरोबर व्याह्यांवर रोखला. काकांनी आज विशेष काळजी घेतली होती. कॉलरच्या ऐवजी पदराकडे हात गेला होता तो वाटेतच मागे घेतला होता. ते झुकले, श्वास धरला, बटणावर बोट ठेवलं.

विहीणबाई उठून उभ्या राहिल्या.

"व्याही, तुम्ही तुमचा डोळा सांभाळता. मग माझा का नाही?"

काकांना कळेचना. कोणाचा डोळा, कशाचा सांभाळ? बाईंनी सांगितलं. काका म्हणाले, मी कधीच डोळा मिटत नाही, मिटायचं कारणच काय. हे ते मनापासून म्हणाले, आणि तिथेच फसले. आतापर्यंत ते नुसते लपवाछपवी करणारे होते, आता खोटंही बोलणारे झाले. त्यांनी काउंटरवरच्या बाईंना साक्षीला बोलावलं. त्या म्हणाल्या, मी आपली बाहेर असते, मला आतलं काय माहीत, आणि पदरानं काउंटर पुसू लागल्या.

गलका ऐकून डॉक्टरबाई आल्या. त्यांनी युक्ती काढली. काकांना पेशंटच्या खुर्चीत बसवलं, स्वतः पलीकडे उभ्या राहिल्या आणि काकांच्याच डोळ्याचा फोटो काढला. दोन्ही डोळ्यांचा. स्क्रीनवर नारिंगी गोळा उमटला, त्यावर लाल फांद्या. उजवाही खरा, डावाही खरा. काका इतके खूश झाले की त्यांनी एक प्रत मागितली. विहीणबाईंनी सगळं शांतपणे बघितलं आणि निकाल दिला. समोर बसले तेव्हा व्याह्यांचे दोन्ही डोळे सताड उघडे होते. मागे उभे राहिले की एक मिटतो. म्हणजे समोरून काही येत नाही. जे येतं ते मागून येतं.

डॉक्टरबाईंना हसू आवरेना, पण त्यांनी डाव साधला. त्या म्हणाल्या, मग तर प्रश्नच मिटला, तुम्ही समोरच बसणार आहात.

"आणि व्याही मागे," विहीणबाई म्हणाल्या. "माझ्या फोटोपायी सुनेच्या वडिलांचा डोळा गेला, हे मला या वयात ऐकायचं नाही. तिला मी तोंड काय दाखवू?"

आणि पर्स उचलून चालत्या झाल्या. थेंब घातलेले असल्यामुळे वाटेत औषधांच्या कपाटाला नमस्कार केल्यासारख्या धडकल्या, पण थांबल्या नाहीत.

बाई काकांवर रागावल्या असत्या तर त्यांना सोपं गेलं असतं. इथे त्या त्यांच्या काळजीनं स्वतःचा डोळा घालवायला निघाल्या होत्या. याला कुठलं व्याख्यान लावायचं?

लेकीनं फोनवरून बापाला चांगलंच फैलावर घेतलं. आई म्हणजे सासूबाई दुसऱ्या दवाखान्यात जायला तयार नाहीत, कारण तिथेही कोणाचे तरी वडील मागे उभे असणार. डॉक्टरांनी थांबू नका म्हटलंय. "बाबा, तुम्ही डोळा मिटता की नाही ते मला ठाऊक नाही. पण त्यांचा गेला तर या घरात मी कशी राहू, तेवढं सांगा." काका म्हणाले, मी येतो. आणि सुट्टीच्या दिवशी गेले.

गेले ते अर्थात व्याख्यान घेऊन. विहीणबाई खिडकीशी बसून नातीच्या फ्रॉकची खालची शिवण घालत होत्या. काकांनी रस्ताभर विचार करून शिवणाच्या बाईंना पटेल असा दाखला शोधला होता. त्यांनी सांगितलं, लेझरचा किरण म्हणजे इस्त्री समजा. एका जागी ठेवली तर कापड जळेल, पण आपण ती फिरवत राहतो. विहीणबाईंनी विचारलं, म्हणजे थांबली तर जळतं? काका म्हणाले, नाही नाही, ही थांबली तरी जळत नाही, तेवढी तापवलेलीच नाही. बाई म्हणाल्या, मग ती इस्त्री कसली? काकांनी इस्त्री बाजूला ठेवली.

तेवढ्यात नात खेळण्यातला लाल किरणाचा दांडा घेऊन आली, रस्त्यावरच्या विक्रेत्याकडून घेतलेला, आणि भिंतीवर ठिपका नाचवू लागली. तो ठिपका आजीच्या कपाळापर्यंत यायला आणि काका जागचे उठायला एकच गाठ पडली. एरवी नातीला शब्दानं न दुखवणारा आजोबा, त्यानं दांडा हातातून काढून घेतला आणि बॅटऱ्या खिशात टाकल्या. म्हणाले, घाबरायचं तर याला घाबरा. आमच्या यंत्राची ताकद मोजलेली आहे, याची कोणी मोजलीय? डोळ्यात गेला तर थट्टा नाही. विहीणबाईंनी मान वर करून पाहिलं. व्याख्यानात नव्हतं ते त्या घाईत त्यांना दिसलं असावं. नात मात्र रडायला लागली.

तिला गप्प करायला आजीनं फ्रॉक तिच्या अंगात चढवला. काकांची नजर खालच्या शिवणीवर गेली. टाके सरळ निघाले होते आणि मध्यावर येऊन, पायवाट उतारावर घसरावी तसे, खाली घसरले होते. ज्या हातांनी शाळेतल्या पोरींच्या अख्ख्या शिवणी उसवायला लावल्या, त्या हातांना हे दिसलेलंच नव्हतं. बाई फ्रॉककडे बघून समाधानानं म्हणाल्या, बसला की नाही नीट? काका म्हणाले, अगदी.

नात म्हणाली, माझा फोटो काढा. काकांनी फोन बाहेर काढला, हात लांब केले, थोडे झुकले. "हं, प्रसन्न चेहरा." आणि श्वास धरला.

विहीणबाई शेजारीच होत्या, हातभर अंतरावर. त्या एकदम म्हणाल्या, अजून एक काढा. काकांनी काढला. मग म्हणाल्या, आता आडवा. आडवा काढला. मग खिडकीतल्या कुंडीचा काढायला लावला, मग रिकाम्या खुर्चीचा, मग मोजपट्टीचा. लेक दारात उभी राहून बघत होती की या दोघांना झालंय काय. काकांचं मात्र स्टुडिओ बंद झाल्यापासून एवढं कौतुक कोणी केलेलं नव्हतं. ते खुर्चीच्या फोटोसाठीसुद्धा योग्य कोन शोधत होते.

"या फोनातून मागे काही येतं का हो?" विहीणबाईंनी सहज विचारलं.

"फोनातून काय येणार?"

"बरं," बाई म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या. स्वयंपाकघरातून त्यांचं एकटीचं हसणं ऐकू आलं. काकांनी लेकीकडे बघितलं. लेकीनं खांदे उडवले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याचं दार उघडायच्या आधी विहीणबाई पायरीवर हजर. थेंब घातले, बाकावर बसल्या. शेजारच्यानं हलक्या आवाजात सुरुवात केली की आत जे फोटोकाका आहेत ना. विहीणबाई म्हणाल्या, ते माझे व्याही आहेत. बाकावर दवाखान्याच्या इतिहासात पहिल्यांदाच शांतता पसरली.

आत काका तयारीनिशी उभे होते. रात्री आरशासमोर सराव करून आले होते. बाईंनी हनुवटी टेकवली. काका झुकले आणि दोन्ही डोळे बटाट्याएवढे उघडे ठेवून त्यांनी बटण दाबलं. फोटो हलला. पुन्हा दाबलं, फोटो तिरपा. तिसऱ्यांदा तर पडद्याऐवजी पापणीच आली. डॉक्टरबाईंनी पलीकडच्या खोलीतून निरोप पाठवला की हे काय पाठवताय. काकांना दरदरून घाम फुटला.

"व्याही," यंत्राच्या पलीकडून आवाज आला, "माझ्यासाठी एवढे कष्ट नका घेऊ. तुमच्या सवयीनं काढा. मिटायचा तर मिटा खुशाल."

काका हसले. बोट बटणावर गेलं आणि पुढचं त्यांना कळलंही नाही. फोटो असा स्वच्छ आला की डॉक्टरबाई स्वतः उठून बघायला आल्या. डाव्या डोळ्याच्या पडद्यावर मधोमध सूज होती, उजव्याला नुकती यायला लागली होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, वेळेत आलात. पहिलं इंजेक्शन त्याच आठवड्यात झालं, पुढची ठरल्याप्रमाणे. डावा डोळा पहिल्यासारखा झाला नाही, पण होता त्याहून सुधारला आणि तिथे टिकला. उजवा वाचला. विहीणबाई आता तपासणीला येतात तेव्हा व्याह्यांना सक्त ताकीद देतात की पदराला हात लावायचा नाही आणि हसा म्हणायचं नाही, बाकी काय करायचं ते करा. काकांना अजून कळलेलं नाही की बाईंचं मन त्या दिवशी नेमकं कशानं वळलं. ते सगळ्यांना सांगतात, इस्त्रीचा दाखला लागू पडला.

बाकावर कुजबुज अजून चालू आहे. हल्ली म्हणतात, डोळा मिटणं ही यंत्राचीच अट आहे, मिटला नाही तर फोटो येत नाही.

खरी गोष्ट एवढीच आहे. जुन्या कॅमेऱ्याच्या काचेला उजवा डोळा लावला की डावा मिटावा लागतो. काकांनी स्टुडिओत जन्मभर तेच केलं, म्हणून काहीही टिपताना त्यांचा डावा डोळा आपोआप मिटतो. यंत्राच्या मागून काही येत नाही. पुढून येणारा उजेड डोळ्याला इजा करण्याइतका नसतो. काकांचे दोन्ही डोळे चांगले आहेत.